नंदाताईचे सर

सरांच्या दोन्ही हातांवर दातांचे व्रण होते, आणि लोक लग्नाचा अल्बम दाखवतात तितक्या हौसेनं ते हे व्रण दाखवायचे. बाही वर सारायची, एकेका खुणेवर बोट ठेवायचं आणि सांगायचं, "हितं मी घाईनं हात धरला. हितं पाठीमागून गेल्तो. आन् ही तर शुद्ध माझी आगाऊगिरी." चावणाऱ्याचं नाव ते कधीच सांगत नसत. चूक तेवढी सांगत, आणि ती दर वेळी त्यांची स्वतःची असे.

सावेडीत आमच्या घराजवळ, ज्यांची बुद्धी लहानपणीच अडखळली अशा मोठ्या माणसांसाठी एक केंद्र आहे. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. सर तिथले वर्तन-सहायक. कुणी मारायला, चावायला, डोकं आपटायला लागलं की ते का, याचा छडा लावायचा आणि पुन्हा तशी वेळ येऊ द्यायची नाही, हे त्यांचं काम. माझी थोरली बहीण नंदाताई त्यांच्या वाट्याला आली. वडील गेल्यावर पुणतांब्याचं घर बंद करून मी आईला आणि ताईला नगरला माझ्याकडे आणलं होतं. ताईचं वय पन्नाशीकडे झुकलेलं, बोलणं दोन-चार शब्दांचं आणि हात शेतात राबलेला. तिची चापट बसली की भला माणूस मटकन खाली बसायचा.

पहिल्या दिवशी आई पदर सावरत म्हणाली, "सर, पोरीला संबाळा." सर लगेच म्हणाले, "आजी, पोरगी कुठं? माज्याहून मोठ्या हायेत त्या. मी ताईच म्हननार." आणि तिला ते शेवटपर्यंत अहो-जाहो करत राहिले. चापट खाल्ल्यावरसुद्धा "ताई, लई जोरात लागलं हो," असं म्हणत गाल चोळायचे. माझ्या बहिणीला इतक्या मानानं आजवर कुणी हाक मारली नव्हती, आमच्या घरातल्यांनीसुद्धा नाही.

सरांना मोबाईलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं भारी वेड होतं. संध्याकाळी केंद्र सुटलं की स्कूटरवर बसून ते दिवसभराची हकीकत मोबाईलला आपल्या संगमनेरी बोलीत ऐकवायचे: "आज ताई लई भडकल्या हुत्या, ताटच भिरकावलं." मोबाईल ते लिहून काढायचा: 'आज सदर व्यक्ती अत्यंत क्षुब्ध होती.' सर मांडीवर थाप मारून हसायचे. "तहसीलदार हाय हा तहसीलदार!" ताईचं नाव मात्र त्यांनी त्याला कधी सांगितलं नाही. घरचं माणूस चव्हाट्यावर मांडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

या तहसीलदारानं एक गोष्ट पटकन हेरली. ताईचा हात उठतो तो डबे उघडायच्या वेळेला. गोंगाटाचा त्रास होत असेल, तेव्हा त्यांना इतरांच्या आधी, शांत जागी जेवायला बसवून पाहा, असा सल्ला त्यानं दिला. सल्ला वाईट नव्हता. केंद्रातल्या बायका तर आधीपासूनच ताईचा डबा सगळ्यांत पहिला उघडत होत्या. आता तिला वेगळ्या खोलीत नेऊन, कौतुकानं, सर्वांच्या आधी वाढू लागले. त्याच आठवड्यात तिनं वाढणाऱ्या बाईंच्या तोंडावर अशी चापट मारली की त्यांचा चष्मा फुटला. संचालकबाईंनी मला बोलावून घेतलं. महिनाअखेरपर्यंत फरक पडला नाही तर ताईला घरी ठेवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. त्यांचंही चुकत नव्हतं. पण घरी ठेवायचं म्हणजे मी ऑफिसला गेल्यावर गुडघेदुखीनं बसून असलेल्या आईच्या भरवशावर तिला फ्लॅटमध्ये कोंडून घालायचं.

त्या संध्याकाळी सर आमच्याकडे आले ते मोबाईलवर तडकलेलेच. "मी त्याला म्हनलं, तुझं ऐकलं आन् उलटंच झालं की रं! तर रागावला न्हाई गडी. मलाच विचारतो, घरी असताना जेवणाआधी या काय करत होत्या? आजी, खरं सांगतो, हा प्रश्न मला सुचायला पायजे हुता." मग त्यांनी मोबाईल खिशात टाकला, चहा घेतला आणि आईला पुणतांब्याचं घर, चूल, गोठा असं एकेक विचारत बसले. आई रंगात आली. बोलता बोलता म्हणाली, "जेवनाआदी काय करनार? काय न्हाई. पयली भाकरी गाईला द्यायची. ते आपल्या नंदाचंच काम. तिनं दिल्याबिगर आमच्यात कोनी ताटाला हात लावत नव्हतं."

सरांनी हातातली बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "म्हंजे आमी ताईंना रोज गाईच्या आधी जेवायला बसवत हुतो."

केंद्रामागच्या गल्लीत एका गवळ्याचा गोठा अजून तग धरून होता. दुसऱ्या दिवशी डब्यातली पहिली भाकरी घेऊन सर आणि ताई तिथे गेले. परत येऊन ताई गुपचूप जेवली. मी ऑफिसात फोनवर हे ऐकलं आणि जिन्यात जाऊन रडले. पुढे सरांनी तिला इतरांची ताटं मांडायला शिकवलं. गाईचं झालं की माणसांचं, मग स्वतःचं, हा क्रम तिला एकदम पटला. सरांनी ही सगळी हकीकत मोबाईललाही सांगितली. तो अभिनंदन करायला लागला तर म्हणाले, "तुजंबी अभिनंदन. प्रश्न तुजा हुता."

त्यानंतर वर्षभरानं संगमनेरला नवीन केंद्र निघालं. तिथल्या माणसांना तयार करायला सरांना बोलावणं आलं. आईनं अन्नच सोडायचं बाकी ठेवलं होतं. सर तिला म्हणाले, "आजी, मी ताईंना लागतोय तवर माजं काम झालंच न्हाई, असं समजा." मग ते रोज थोडे थोडे लांब उभे राहू लागले. आधी ताईच्या शेजारी, मग खिडकीपाशी, मग व्हरांड्यात.

शेवटच्या दिवशी मी आईला घेऊन केंद्रात गेले. ताई ताटं मांडत होती. सर दारात उभे राहून म्हणाले, "ताई, येतो मी." तिनं मान वर केली नाही. तिच्या हातात ताटांची चळत होती आणि सर नेमके वाटेत उभे होते. पूर्वी असं कुणी वाटेत आलं की काय व्हायचं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आईनं माझा हात घट्ट धरला. ताईनं कोपरानं सरांना अलगद बाजूला सारलं, "सर, सरा," म्हणाली आणि पुढच्या माणसासमोर ताट ठेवलं.

मला फार वाईट वाटलं. निदान एकदा तिनं त्यांच्याकडे पाहायला हवं होतं. पण सर बाहेर आले ते हसत, आणि हसता हसता डोळे पुसत.

"बगितलंत का?" ते म्हणाले. "वाटंतनं बाजूला केलं मला. आता मी बिनघोर जातो."