भावोजी आणि मखराची तार

लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत मी फ्यूजमध्ये मखराची तार घातली, आणि आपल्याला विजेतलं उपजत कळतं अशी स्वतःची समजूत करून घेतली. वास्तविक ठाण्यापासून कल्याणपर्यंत वीज कळलेला माणूस एकच झाला, तो म्हणजे माझा मामेदीर. भावोजी मोहन्याच्या कारखान्यात वायरमन होते आणि आमच्या नौपाड्यातल्या घराचं वायरिंग त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं होतं. त्या गणपतीत दिव्यांच्या माळा, इस्त्री आणि पाणी तापवायची कॉइल एकदम चालू झाली की फ्यूज जायचा. भावोजींनी त्यात केसासारखी बारीक तार घातलेली. मला वाटलं, काय हा चिकटपणा! ती तार आधी वितळते म्हणून घर वाचतं, हे मला कोण सांगणार? मॅट्रिकला विज्ञानात अठ्ठ्याऐंशी होते ना मला! मखर मीच सजवलं होतं; त्याचे खांब बांधून उरलेली जाडजूड तार मी तिथे चांगली चार वेढे देऊन बसवली. त्यानंतर सहा-सात महिने फ्यूज गेला नाही. कोणाला सांगितलं नाही, पण मनातल्या मनात अशी मिरवत होते, जणू धरण मीच बांधलंय.

भावोजींची काम करायची पद्धत मात्र जगावेगळी. आल्या आल्या बोर्डाला हात लावतील तर शपथ. आधी घरातल्या सगळ्यांना एका रांगेत बसवून जबानी घेणार. दिवे गेले तेव्हा कोण कुठे होतं, कोणी कुठलं बटण दाबलं. आणि जबानीत सगळे हमखास खोटं बोलणार. माझ्या सासूबाई, म्हणजे त्यांची सख्खी आत्या, पाठीमागे गरम इस्त्री लपवून "इस्त्री? आम्ही कुठे करतो रे इस्त्री?" म्हणाल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या पदराला करपल्याचा वास येत होता. मग भावोजी बोर्डाजवळ नाक नेऊन हुंगायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "गिझर नाही. पंखा." बहुतेक वेळा बरोबर यायचं. एकदा एका लग्नात त्यांनी असंच हुंगून अख्ख्या हॉलचं मेन बंद करायला लावलं. मागाहून कळलं, मसालेभात खाली लागला होता. मंगलाष्टकं अंधारात झाली.

त्यांच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या स्वतःच्या रबरी चपला असायच्या. त्या घालून ते थेट देवघरात घुसायचे. सासूबाई ओरडायच्या, "अरे मेल्या, देव बसलेत तिथं!" तर हे खाली न बघता म्हणायचे, "देवांना शॉक लागत नाही आत्या, मला लागतो." चहा काम संपल्यावरच. दिवा लागायच्या आधी कोणी कप पुढे केला तर त्यांना तो अपमान वाटायचा. आणि तारांशी ते माणसांसारखे बोलायचे. "फेज म्हणजे जावई, कधी भडकेल नेम नाही. न्यूट्रल म्हणजे सून, सगळं मुकाट्याने परत नेते. आणि अर्थिंग म्हणजे घरातलं ते माणूस, ज्याला कोणी विचारत नाही, पण बिघडलं की सगळं त्याच्या अंगावरून जमिनीत जातं." मी तेव्हा हे ऐकून फिदीफिदी हसले होते. अक्कल कमी असली की हसू लवकर येतं.

तर ती मखराची तार. चैत्रातल्या हळदीकुंकवाला चौदा बायका पन्हं पीत बसल्या असताना भिंतीतून धूर निघाला. तारा आतल्या आत वितळल्या होत्या, पण माझा फ्यूज मात्र ठणठणीत! बायका पन्ह्याचे पेले घेऊन जिन्यात पळाल्या. भावोजींना निरोप गेला. त्यांनी फ्यूज उघडला, क्षणभर बघितला आणि काहीतरी खिशात टाकलं. जबानी घेतली नाही. सासूबाई सगळ्यांसमोर कडाडल्या, "तुझंच ना रे हे वायरिंग?"

"हो आत्या. माझंच."

मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहून कैरी किसत होते. म्हणजे कैरी संपली होती, नुसतीच किसणी घासत होते. तेव्हापासून आमच्या नात्यात कुठेही दिवा लुकलुकला की कोणीतरी म्हणायचं, "भावोजींचं वायरिंग दिसतंय!" बाळकुमच्या नणंदेने नवीन घर घेतलं तेव्हा बाहेरचा माणूस लावला. भावोजी वास्तुशांतीला आले, जेवले, आणि एकाही बटणाला हात न लावता गेले. मी त्यांना आग्रहाने दोन जिलब्या वाढल्या. माझं प्रायश्चित्त एवढंच.

परवा आमचं अर्धं घर अचानक अंधारलं. मुलगा मोबाइलवर कुणाला तरी बोलवायला निघाला होता. मी हट्टाने कल्याणला फोन लावला. चौऱ्याहत्तर वर्षांचे भावोजी रबरी चपलांसकट हजर! हात थरथरतात, पण नाक शाबूत आहे. फ्रिजमागे हुंगून त्यांनी वितळलेला प्लग बाहेर काढला. त्याच्यावर ओव्हन, मिक्सर, दोन चार्जर आणि पाण्याचं मशीन होतं. "एका खोलीत किती बिऱ्हाडं ठेवलीस रे?" त्यांनी मुलाला विचारलं. बोर्ड फ्रिजच्याही वर होता, म्हणून नवीन प्लग बसवायला ते स्टुलावर चढले. स्टूल धरायला मी, वय एकोणसत्तर. स्टूलच आमच्याहून घाबरलेलं.

मुलगा ओशाळला होता, म्हणून जरा जोरातच बोलला, "काका, राग मानू नका, पण सगळंच बदलून घेतो आता. तुमचं वायरिंग एकदा जळलंय ना."

भावोजी स्टुलावरून हसले. "हो रे. माझंच."

तेच दोन शब्द. माझ्या हातातलं स्टूल हललं. मी म्हटलं, "त्यांचं नाही जळलं. मी जाळलं. फ्यूजमध्ये मखराची तार घातली होती मी." आणि मग एकदा तोंड उघडल्यावर कैरी, किसणी, दोन जिलब्या, सगळं सांगून टाकलं. मुलगा आ वासून बघत होता. भावोजींनी शांतपणे शेवटचा स्क्रू पिळला आणि बटण दाबलं. स्वयंपाकघरात लख्ख उजेड पडला. मग माझा खांदा धरून एकेक पाय टाकत ते खाली उतरले आणि म्हणाले,

"तारेला मखराचा सोनेरी कागद चिकटला होता वहिनी, मला तेव्हाच कळलं. पण माझं काय, मी बोलणी खाऊन कल्याणला जाणार होतो. तुम्हाला इथंच राहायचं होतं. टाका आता चहा, लागलाय दिवा."