बाबा नायट्रोजन आणायला गेले तेव्हा

माझ्या पीएच.डी.च्या मधल्याच कुठल्याशा वर्षी बाबा रिटायर झाले, आणि आमच्या जयेंद्रगंजच्या घरात स्वस्थ न बसणारी माणसं एकाची दोन झाली.

बाबा गुरांचे डॉक्टर. सगळी नोकरी ग्वाल्हेरच्या आसपासच्या गावांत गेली. आता सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून बसायचे आणि जायला कुठेच नसायचं. मग पंख्याचा रेग्युलेटर उघडून बघ, आईच्या डब्यांच्या जागा बदल. मी प्रयोगशाळेत जायची आणि तिथे येरझाऱ्या घालायची. माझ्या प्रयोगात हवा तो सिग्नल येत नव्हता.

काम सांगायला सोपं होतं. फुलरीन हा साठ कार्बन अणूंचा, फुटबॉलसारखा पोकळ रेणू. त्यावर लेझरचा झोत पडला की तो अगदी थोडा वेळ वेगळ्या अवस्थेत जातो. तिला ट्रिप्लेट म्हणतात. त्यातले दोन इलेक्ट्रॉन बारीक चुंबकांसारखे एकाच दिशेने वळलेले असतात. फुलरीनच्या जांभळ्या द्रावणाची नळी मोठ्या चुंबकात ठेवायची, मायक्रोवेव्ह सोडायच्या आणि ती अवस्था विझायच्या आत टिपायची. ऑक्सिजन तिला लगेच विझवतो, म्हणून नळीतली हवा काढून टाकायची. शिवाय ते द्रावण गोठवून ठेवायचं. त्यासाठी द्रव नायट्रोजन लागायचा, आणि तो आमच्याकडे बनत नव्हता.

"अगं, आमच्या लोकांकडे असतो ना," बाबा एकदा जेवताना म्हणाले. "सांडांच्या वीर्याच्या कांड्या त्यातच ठेवतात. मी बोलतो."

ते बोलले, माझ्या गाईड सरांनी रीतसर परवानगी काढली, आणि बाबांना काम मिळालं. ऑटोत कंटेनर दोन पायांमध्ये धरून ते दर आठवड्याला यायचे. मी नळी नायट्रोजनमध्ये बुडवायची. नायट्रोजन उकळायचा, नळी थरथरायची आणि स्क्रीनवर सिग्नलऐवजी नुसतं खरखरीचं गवत उगवायचं. बुडबुडे बारीक व्हावेत म्हणून मी आत एक लाकडी काडी सोडून बघितली. गवत थोडं कमी झालं. सिग्नल नाहीच.

मग सरांनी सांगितलं, की सोमवारपासून चुंबकाचं ते मशीन दुसऱ्या गटाकडे जाणार. शुक्रवारी बाबा सकाळीच नायट्रोजन आणायला निघाले. दुपार झाली तरी आले नाहीत. फोन बंद. आईला विचारलं तर घरीही नाहीत. मी चुंबक चालू केला, बंद केला, पुन्हा केला. कंटेनर कलंडला असेल, त्या वाफेत गुदमरले असतील, असलं काहीबाही डोक्यात यायला लागलं. शेवटी स्कूटी काढली. फूलबागेपाशी ट्रॅफिकमध्ये अडकले असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"अगं, मी बोलतोय. इथे मुरारच्या पुढे डेअरीवर आहे. रस्त्यात थांबवलं मला. म्हैस अडलीय, रेडकाचा पाय मागे दुमडलाय."

"बाबा, नायट्रोजन!"

"सावलीत ठेवलाय." फोन कट.

मी पोचले तेव्हा बाबा बनियनवर गवतात आडवे पडले होते आणि त्यांचा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या पोटात होता. डेअरीवाला म्हशीची मान धरून होता. कंटेनर भिंतीशी होता आणि झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ हळूहळू जात होती. रागाने माझे पाय एका जागी ठरेनात. मी बोलणार तेवढ्यात बाबा वर न बघता म्हणाले, "दोरी धर. सांगेन तेव्हाच ओढ. झटका नको."

रेडकाच्या पायाला बांधलेली दोरी मी धरली. म्हैस कण्हली. "खींचो बेटी, खींचो," डेअरीवाला ओरडला. "अजून नाही," बाबा म्हणाले. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी मान हलवली, मी ओढलं, आणि ओलं, काळं रेडकू सरकत बाहेर आलं. बाबांनी त्याच्या नाकातला चिकटा काढला, छाती चोळली. ते शिंकलं. बाबा तिथेच बसून हसले. रिटायर झाल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. तरी मी म्हणाले, "चला आता, प्लीज."

संध्याकाळी प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा नायट्रोजन तळाशी उरला होता. बाबा बेसिनवर कोपरापर्यंत साबण लावत राहिले. मी नळी आत सोडली, लेझर लावला. बराच वेळ गवतच. मग एकेका मोजणीची सरासरी काढता काढता गवत खाली बसलं आणि रेषेचा एक भाग वर उठला, दुसरा तेवढाच खाली गेला. ट्रिप्लेट तशीच दिसते. मी लेझरपुढे पुठ्ठा धरला. रेष सपाट. काढला. पुन्हा उठली.

"आलं का?" बाबांनी विचारलं.

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे परत बघायला हवं." पण नायट्रोजन संपला होता.

मशीन परत मिळेपर्यंत पावसाळा संपत आला. ते दिवस मी कसे काढले मलाच माहीत. तो सिग्नल खराच होता की नळीत काही घाण होती, या विचाराने जेवताजेवता उठायची. बाबांना मात्र सवड नव्हती. त्या डेअरीवाल्याने आणखी चार डेअरीवाल्यांना सांगितलं होतं. ते सकाळी स्कूटरवर निघायचे ते जेवायलाच परतायचे. नायट्रोजन आता मीच आणायची.

दुसऱ्यांदा तीच रेष तशीच आली तेव्हा मी त्यांना फोन लावला. पलीकडे कोणीतरी बादल्या आपटत होतं.

"सिग्नल पुन्हा आला, बाबा. अगदी तसाच."

"वा! मग आता झालं ना? आता निवांत?"

"आता आणखी थंड करून बघायचंय," मी म्हणाले. "रेणूचं फिरणं मंदावलं की रेष अजून रुंदावायला हवी."

ते काहीतरी बोलले, पण पलीकडून कोणी "डॉक्टरसाब" म्हणून हाक मारली आणि फोन त्यांच्या खिशात तसाच चालू राहिला.