बापाचं काम फ्रेंचमध्ये सांगा

“बस खाली,” मिस म्हणाल्या. वर्ग अजून हसत होता.

मी एवढंच विचारलं होतं, की लारीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात.

सातवीत होते. मिसच्या मागे भिंतीवर गुलाबी कागद चिकटवलेला होता. त्यावर वर्षाची उद्दिष्टं. विद्यार्थी स्वतःची ओळख करून देईल. विद्यार्थी आपल्या कुटुंबाविषयी बोलेल. विद्यार्थी हॉटेलात जेवण मागवेल. मी दुसऱ्या ओळीवर अडले. धड्यात वडिलांची कामं दिली होती. डॉक्टर, वकील, इंजिनियर, प्रोफेसर. आमचे आबा सेव-उसळची लारी, म्हणजे हातगाडी, लावायचे. शाळेकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या नाक्यावर. वर्गातली निम्मी पोरं गाडीत बसून त्यांची उसळ खायची.

तास संपल्यावर मिसनी मला थांबवलं. वर्गात त्या इंग्रजी बोलायच्या. एकटीशी मराठी. बडोद्यातल्या जुन्या मराठी वस्तीतल्या, दांडिया बाजारच्या होत्या. त्यांचे आजोबा संस्थानात मोठे अधिकारी. आमचे पणजोबा त्याच संस्थानात शिपाई.

“लारी नको म्हणूस. इंजिनियर म्हण.”

मी दप्तराचा पट्टा खांद्यावर चढवला.

“अगं, पालकदिनाला सगळे मोठे लोक येणार. आपल्या माणसांचं नाव खाली जायला नको. मराठी मुलगी आहेस म्हणून सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं.”

आपल्या माणसांचं. त्यात आबा होते की नव्हते, हे मी विचारलं नाही. “हो मिस,” म्हणाले.

त्या वर्षांत बडोद्यात परदेशी कंपन्यांची चर्चा असायची. केबल आली होती. आमच्या शाळेत फ्रेंच आलं. संस्कृत घ्या नाही तर फ्रेंच. आबांनीच फ्रेंच घ्यायला लावलं. म्हणाले, “संस्कृत मिसच्या घरात चार पिढ्या आहे. तू कुठे पुरी पडणार? हे सगळ्यांनाच नवं. सगळे एका रेषेवर उभे.”

आबांना असं खरंच वाटत होतं.

पालकदिनाला त्यांनी सकाळची लारी लावली नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. हॉलमध्ये मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसले. पुढे खुर्च्या रिकाम्या होत्या. तिकडे गेले नाहीत.

माझी पाळी आली. मी वाक्य म्हटलं. “मों पेर ए अँजेनियर.” माझे वडील इंजिनियर आहेत. उच्चार चांगला झाला. मिसनी मान हलवली.

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. ते वाक्य म्हणताना मला वाईट वाटत नव्हतं. बरं वाटत होतं. तेवढा वेळ मी इंजिनियरचीच मुलगी होते.

मग माझ्या वर्गातला एक मुलगा आईला मोठ्याने म्हणाला, “शेना एन्जिनियर? लारीना?” कसला इंजिनियर, लारीचा? रांगेत हसू पसरलं. त्याच्या आईने वळून मागे पाहिलं. तिने आबांना ओळखलं.

“अरे, काका तमे? काले तरी ओछी हती हं.”

काल उसळीवरची तर्री कमी होती. एवढीच तक्रार. तिला वाईट बोलायचं नव्हतं. आबा उठून उभे राहिले. लारीवर उभे राहायचे तसे. हात जोडून म्हणाले, “हां बेन. आवजो, वधारे आपीश.”

या, जास्त देईन. सगळा हॉल पुन्हा हसला. मिस कागद चाळत होत्या. मी स्टेजवर उभी होते. मला खाली उतरता आलं असतं. आबांजवळ जाऊन उभं राहता आलं असतं. मी पुढचं वाक्य म्हटलं. माझी आई गृहिणी आहे.

येताना सायकलवर मी मागे बसले होते. मांडवीचा दरवाजा मागे गेला. आबा पेडल मारत होते. वाडीत शिरताना म्हणाले, “इंजिनियर म्हणालीस का गं?”

“हो.”

“बरं. तिथं तसंच बोलावं लागत असेल.”

बस. एवढंच.

त्या आठवड्यात त्यांनी नाक्यावरची जागा सोडली. लारी पाणीगेट दरवाजाच्या आत, जुन्या शहरात नेली. बोळात. तिथं मोटारी शिरत नाहीत. आई म्हणाली, “चालता धंदा सोडून तिकडे काय आहे?” आबा म्हणाले, “सावली आहे.” तिथं सावली नव्हती. मी रोज त्या बोळावरून जायचे. बारा वर्षांच्या मुलीला सगळं कळतं. मला कळलं होतं. मी काहीच बोलले नाही. जेवायचे, अभ्यास करायचे, क्रियापदं पाठ करायचे. आत काही हलत नव्हतं.

क्रियापदांनीच ते हललं. शिजवणे आलं. विकणे आलं. रस्ता हा शब्द आला. एक दिवस लक्षात आलं, की आता माझ्याकडे सगळे शब्द आहेत. पहिल्या दिवशीही मिसना ते माहीत होते. त्यांनी दिले नव्हते.

वर्षाअखेरीस तोंडी परीक्षा. मिस समोर बसलेल्या. तोच प्रश्न. तुझे वडील काय करतात?

मी म्हटलं, माझे वडील रस्त्यावर जेवण विकतात. ते सकाळी मटकी शिजवतात. ते पाणीगेटला काम करतात. ते सेव-उसळ बनवतात. सेव-उसळला फ्रेंच शब्द नव्हता. सेव-उसळच म्हटलं.

मिस मराठीत म्हणाल्या, “हे शिकवलं नव्हतं.”

“नाही शिकवलं.”

“धड्यातलं उत्तर दे. नाही तर मार्क कापावे लागतील.”

“कापा.”

त्यांनी कापले. मी उठले. खुर्ची आत सरकवली. आनंद झाला नाही. फक्त त्या बाईंना ‘हो मिस’ म्हणणं तिथं संपलं.

घरी हे सांगितलं नाही. ते सांगायचं तर आधीचं बोलावं लागलं असतं. आबांनी लारी परत नाक्यावर आणली नाही. गेले, तेव्हाही त्यांच्याजवळ माझं पहिलंच वाक्य होतं. दुसरं त्यांनी ऐकलंच नाही.

आज मी सहावी ते आठवीला फ्रेंच शिकवते. पुस्तकं बदलली, तो धडा आहेच. डॉक्टर, वकील, इंजिनियर. शाळा दर जूनला उद्दिष्टं लिहून मागते. यंदा मी लिहिलं, विद्यार्थी आपल्या घरातली कामं आहेत तशी सांगेल. वरून निरोप आला, पालकांसमोर जरा बरं दिसेल असं करा. यंदा वर्गात गटारं साफ करणाऱ्याची मुलगी आहे. तिने विचारलं, मी शब्द सांगितला. तिला तो पाठ आहे.

पालकदिनाला ती बोलेल. पहिली बोलेल. तिचा बाप मागे बसला, तर मी स्वतः जाऊन त्याला पुढच्या खुर्चीवर आणीन. कुणी हसलं तर कार्यक्रम तिथं थांबेल. हसणारा उभा राहील आणि तिचं ते वाक्य पूर्ण म्हणेल. मला शाळेतून काढायचं असेल तर काढा. वाक्य बदलणार नाही.