अपेक्षेपेक्षा जास्त तापलेली भाजी

आमचे काका शस्त्रांच्या कारखान्यात माहितीपत्रकं लिहायचे. बाँब हा शब्द तिथे वर्ज्य. बाँबला 'उपकरण' म्हणायचं आणि माणसं मेली की 'परिणाम साधला' म्हणायचं. "सरळ लिहिलं तर विकत घेणाऱ्याचाही हात थरथरेल रे," काका मला समजावायचे. हीच सवय घरी आली. काकूंची करपलेली भाजी त्यांच्या लेखी 'अपेक्षेपेक्षा जास्त तापलेली' असायची. काकू म्हणायच्या, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?"

एका संध्याकाळी बातम्यांत सांगितलं, की त्यांची लेक राहते त्या शहरात 'मर्यादित क्षमतेचं उपकरण' वापरलं गेलं. शब्द काकांचेच होते. लेकीचा फोन लागेना.

"म्हणजे नक्की काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

काकांनी बातम्या बंद केल्या. मग म्हणाले, "बाँब पडलाय. घरं कोसळली असतील. माणसंही गेली असतील."

तासाभराने फोन लागला. लेक सुखरूप होती. काकूंनी डोळे पुसले आणि गॅसवर विसरलेली भाजी वाढली. काकांनी एक घास खाल्ला.

"करपलीय," ते म्हणाले.

काकूंनी मान डोलावली आणि त्यांना आणखी वाढली.