कधीचंकाका

कोणी काही हातात दिलं की आपण ते काय आहे ते बघतो. काका आधी विचारायचे, "कधीचं आहे?" मग ते डब्यातले पोहे असोत, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला गुडघेदुखीचा उपाय असो, नाहीतर एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवर मिळालेला नकाशा. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी मोठ्या कौतुकाने खीर पुढे केली. त्यांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली, "जय भीम, बेटा" म्हणाले, आणि चमचा बुडवायच्या आधी विचारलं, "दूध कधीचं?" मी मनात म्हटलं, आलं का हे एक ध्यान. पुढे आमच्या पुंगोल उपनगरातल्या इमारतीमधल्या मराठी घरांत त्यांचं नावच कधीचंकाका पडलं. ते मीच पाडलं होतं.

काका नागपूरकडच्या एका दारूगोळा कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांचा विभाग तपासणीचा. काडतुसांचा लॉट तयार झाला की त्यातली काही उचलायची, जाड पोलादी नळीतून उडवायची, आत किती दाब तयार झाला ते मोजायचं, आणि लॉट बाहेर सोडायचा की अडवायचा ते ठरवायचं. निवृत्त झाले, मग काकू गेल्या, आणि प्रशांत, त्यांचा मुलगा, त्यांना इकडे परदेशात घेऊन आला. ते बाराव्या मजल्यावर, आम्ही नवव्या. रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये चार-पाच कुटुंबं बुद्धवंदनेला जमायची. काका सगळ्यांच्या आधी यायचे, स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण बघायचे, खिडकीची जाळी ओढून बघायचे, आणि मगच सतरंजीवर बसायचे.

आम्ही त्यांची पुष्कळ थट्टा केली. हॉकर सेंटरच्या मासळीबाजारात मासे विकणाऱ्या बाईला ते खुणांनी "कधीचे?" विचारायचे, आणि ती बाई बिचारी किंमत सांगत राहायची. माझा मुलगा अन्वय तर त्यांना बघितलं की हातातलं बिस्कीट पाठीमागे लपवायचा आणि इथल्या बोलीत म्हणायचा, "फ्रेश लाह, आजोबा, फ्रेश!" काका सगळ्यांबरोबर हसायचे. एकदा मी त्यांना तोंडावरच घाबरट म्हटलं, तर शांतपणे म्हणाले, "बेटा, मले घाबरायचाच तं पगार मिळत होता."

पण त्या घाबरण्याचा मला एकदा फार उपयोग झाला होता. अन्वय तेव्हा जेमतेम वर्षाचा. सकाळी अंग तापलेलं, नवरा कामासाठी परगावी, आणि मी रडकुंडीला आलेली. आईने फोनवरून तिच्याकडच्या बाळसंगोपनाच्या पुस्तकातून तापाच्या औषधाचं माप वाचून दाखवलं. आम्ही दोघं भावंडं त्याच पुस्तकावर वाढलो. औषधाचं नाव तेच, वयही तेच. मी चमचा भरला, आणि वंदनेच्या सतरंज्या परत द्यायला आलेले काका दारातून म्हणाले, "पुस्तक कधीचं? अन् बाटली कधीची?" मला असा राग आला की काही विचारू नका. पण ते हललेच नाहीत. शेवटी मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. इथलं औषध आईच्या पुस्तकातल्या औषधाच्या दुपटीहून कडक होतं. नाव तेच, ताकद वेगळी. मी चमचा बेसिनमध्ये ओतला आणि अन्वयला उचलून घेतलं. काका खाली जाऊन दवाखाना उघडला का ते बघून आले.

आता मिलिंदचं सांगते. मिलिंद माझा धाकटा भाऊ, अमेरिकेत टेक्सासला दातांचा डॉक्टर. हाताला गुण आहे असं त्याचे पेशंट म्हणतात. तिथे गेल्यावर त्याला पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरांचा नाद लागला. आधी क्लबात जाऊन निशाणा मारायचा, मग स्वतःचं रिव्हॉल्व्हर घेतलं, आणि मग गॅरेजमध्ये एक यंत्र बसवून वापरलेल्या पितळी केसेसमध्ये, म्हणजे काडतुसांच्या रिकाम्या नळकांड्यांत, स्वतःच दारू आणि गोळी भरून काडतुसं बनवायला लागला. तिथे ते रीतसर चालतं म्हणे. इकडे असलं काही घरात सापडलं तर थेट तुरुंग, त्यामुळे मी तर लिफ्टमध्ये फोनवर तो विषयसुद्धा काढू देत नसे. "ताई, तू फारच भित्री झालीस," तो म्हणायचा.

एका रविवारी वंदना आटोपली, मंडळी गेली, काका चहाला थांबले होते, आणि मिलिंदचा व्हिडिओ कॉल आला. स्वारी भलतीच खुशीत. कुठल्याशा जुन्या सामानाच्या विक्रीत त्याला काडतुसं भरण्याचं एक छापील पुस्तक मिळालं होतं. कुठल्या गोळीमागे कुठली दारू किती भरायची याचे तक्तेच्या तक्ते. "नव्या पुस्तकांत काही दम नाही, ताई," तो म्हणाला. "वकिलांच्या भीतीने सगळे आकडे कमी करून ठेवलेत. जुने लोक खरं छापायचे. मी सगळ्यात वरच्या आकड्याने पेटीभर भरून ठेवलीत. पुढच्या रविवारी क्लबात नेणार." माझ्या पाठीमागून आवाज आला, "पुस्तक कधीचं?"

मिलिंद हसला. काकांची ओळख त्याला माझ्या थट्टेतूनच होती. त्याने पान उलटून साल सांगितलं. आम्ही दोघं जन्मलोही नव्हतो तेव्हाचं ते पुस्तक. "अन् दारूचा डबा?" डबा गेल्या महिन्यात घेतलेला. "पण दारू तीच आहे काका, नाव सेम टू सेम." काकांनी कप खाली ठेवला. "डॉक्टर, नाव तं माझंही तेच आहे," ते म्हणाले. "चाळीस वर्षांपूर्वीचा मी अन् आताचा मी एकाच वजनाचे आहोत का?" मिलिंद म्हणाला की गेल्या आठवड्यात त्याने त्यातली पाच-सहा उडवूनही बघितली, काही झालं नाही, रिकाम्या केसेसही ठीक दिसल्या. "काही झालं नाही याचंच तं भेव आहे," काका म्हणाले. "हातातल्या हत्यारात दाब मर्यादेच्या वर गेला तरी केसचं पितळ लवकर सांगत नाही. ते सांगेपर्यंत हत्यार हातातच फुटलेलं असते." तेवढ्यात मिलिंदच्या दाराची बेल वाजली, आणि "बोलू नंतर" म्हणत त्याने फोन ठेवला.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. सोमवारी ऑफिसला निघाले तर काका एलआरटीच्या फलाटावर उभे. "जेवण जाऊन नाही राहिलं, बेटा," म्हणाले. आणि मग जुरोंग ईस्टपर्यंत, माझ्या ऑफिसच्या दारापर्यंत, ते माझ्यासोबत आले आणि समजावत राहिले. पूर्वी दाब मोजायला तांब्याचा एक छोटा तुकडा ठेवायचे, तो किती चेपला यावरून हिशोब करायचे. त्यात दाबाचं खरं टोक निसटून जायचं. पुढे विजेचं उपकरण आलं आणि ते टोक दिसायला लागलं. काही जुन्या तक्त्यांमागे तर मोजणीच नसायची, रिकामी केस बघून अंदाज. "आकडे वकिलांमुळे कमी झाले असतील, नाही असं नाही," ते म्हणाले. "किंवा मोजता यायला लागलं म्हणून कमी झाले असतील. कोणता आकडा कशानं कमी झाला, हे पुस्तकात लिहिलेलं नसते ना." मी बँकेत काम करते, दिवसभर आकडेच बघते. त्या दिवशी माझी एकही बेरीज धड झाली नाही.

काकांनी मिलिंदला मेसेज पाठवले. गोळी कोणत्या बनावटीची, केसमध्ये किती खोल बसवली, कारण जरा खोल बसली तरी दाब वाढतो. दारू बनवणाऱ्या कंपनीचा आत्ताचा तक्ता बघितला का. मिलिंदने सगळे वाचले आणि एकालाही उत्तर दिलं नाही. उलट मला लिहिलं, "ताई, तुझ्या कधीचंकाकांना सांग, मी शिकलेला माणूस आहे." मी ते काकांना दाखवलं नाही. पण मला झोप लागेना. डोळे मिटले की त्याचे हात दिसायचे. लहानपणी पतंगाच्या मांज्याने बोट कापलं होतं तेव्हा त्याने माझ्या ओढणीत हात गुंडाळून घेतला होता, आईला सांगू नको म्हणाला होता. मला भावावर राग येत होता, त्या पुस्तकावर राग येत होता, आणि खरं सांगते, काकांवरही येत होता. त्यांनी विचारलं नसतं तर मला काही कळलंच नसतं आणि मी सुखात राहिले असते.

रविवार उजाडला. त्याच्याकडे अजून शनिवारची संध्याकाळ होती, सकाळी तो क्लबात जाणार होता. मी तीनदा फोन लावला, चौथ्यांदा त्याने उचलला. तोंड फुगलेलं. मला वाटलं काका आता त्याला झापणार. पण ते समोर बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, ते पुस्तक चूक आहे असं मी म्हणतच नाही. ज्यांनी छापलं त्यांनी इमानदारीनं मोजलं असेल. पण त्यांनी त्यांच्या हातातली दारू मोजली. तुमच्या डब्यातली नाही मोजली." मग त्यांनी कारखान्यातली गोष्ट सांगितली. नवा लॉट आला की ते जुने आकडे बाजूला ठेवून पहिल्यापासून मोजायला लावायचे. सगळे वैतागायचे, कारण बहुतेक वेळा उत्तर तेच यायचं. एकदा मात्र आलं नाही. तो लॉट अडवला. "मंग काय झालं?" मी विचारलं. नकळत त्यांच्यासारखंच बोलले. "काहीच नाही झालं, बेटा. तेच तं माझं काम होतं."

मिलिंदने घड्याळाकडे बघितलं. मग माझाच संयम सुटला. "मिल्या," मी ओरडले, "आईने फोनवर अन्वयच्या औषधाचं माप सांगितलं होतं ते आठवतंय ना तुला? तेही छापलेलंच होतं. नावही तेच होतं." काकांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मिलिंद आमच्याकडे बघत राहिला, मग खाली मान घालून फोनवर काहीतरी शोधायला लागला. दारूच्या कंपनीचा आत्ताचा तक्ता तो पहिल्यांदाच उघडत होता. काकांनी हळूच विचारलं, "वरची मर्यादा काय म्हणते?" तो म्हणाला, "पुस्तकापेक्षा खाली आहे." "जरा?" मिलिंदने मान हलवली. "नाही काका. बरीच."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बघ, मी सांगत नव्हतो का? काका म्हणाले, "चष्मा लावा. अन् जवळपास काही पेटतं ठेवू नका." मिलिंदकडे हातोडीसारखं एक पोकळ अवजार होतं. त्यात काडतूस अडकवायचं आणि आपटायचं, की गोळी आणि दारू सुटी होऊन आत पडते. फोन टेबलावर टेकवून तो एकेक काडतूस उकलायला बसला. ठक, ठक, ठक. आम्ही इकडे ऐकत होतो. काकांचा चहा गार झाला, मी दुसरा केला, तोही गार झाला. मध्येच त्यांनी विचारलं, "पेटी रिकामी झाली? तळ दाखवा." त्याने पेटी उलटी करून दाखवली. तेव्हा काकांनी आठवडाभरात पहिल्यांदा माझ्याकडे पोहे मागितले, आणि कधीचे ते विचारलं नाही.

"पुस्तक फेकू नका," फोन ठेवायच्या आधी ते म्हणाले. "वाचत जा. फक्त त्यावरून भरू नका. कंपनीचा आजचा तक्ता घ्या, खालच्या आकड्यापासून सुरू करा. दोन तक्त्यांचं पटलं नाही तं नव्याचं ऐका." मिलिंदने मान खाली घालून विचारलं, "काका, ती उडवली असती तर काय झालं असतं?" काका म्हणाले, "माहीत नाही, डॉक्टर. कदाचित काहीच नसतं झालं. हे तुम्हाले कधीच कळणार नाही, अन् मलेही नाही." जाताना त्यांनी नेहमीसारखं गॅसचं बटण बघितलं.

पुढच्या वर्षी काका नागपूरला परत गेले. प्रशांत नको म्हणत होता, पण त्यांना काकूंच्या घरात राहायचं होतं. विमानतळावर मी डब्यात पुऱ्या दिल्या आणि ते विचारायच्या आतच सांगितलं, "आज सकाळच्या आहेत." ते खूप हसले. डोळे पुसले आणि म्हणाले, "तू तयार झाली, बेटा." तेव्हापासून मिलिंद दर रविवारी त्यांना फोन करायचा. काय बोलायचे दोघं कोण जाणे, मला कोणी सांगत नसे.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ऑफिसला जाताना आमच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, निर्वाण झाले. माझा विश्वासच बसला नाही. असल्या ग्रुपवर काय वाटेल ते फिरत असतं, जिवंत माणसांना श्रद्धांजल्या वाहतात, दोन वर्षांपूर्वीच्या बातम्या आज म्हणून पाठवतात. एमआरटीत उभ्या उभ्या माझ्या बोटांनी आपोआप प्रशांतला लिहिलं, "हे कधीचं आहे?" थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं. "आज पहाटेचं, ताई."

मी पुढच्याच स्टेशनवर उतरले, बाकावर बसले आणि मिलिंदला व्हिडिओ कॉल लावला. तो दवाखान्यातून नुकताच घरी आला होता. मी सांगितलं. त्याने काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. फोनच्या पडद्यावर फक्त त्याचे हातच दिसत होते, दहाही बोटं जागच्या जागी.