कार्डाची मागची बाजू

नुसते आभार मानण्याचा पगार मिळतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर परीक्षा विभागात बारा वर्षं लोकांच्या शिव्या खात बसले नसते. विद्यापीठाच्या देणगी कक्षात माझी बदली झाली तेव्हा तिथं एकच बाई होत्या आणि त्या दिवसभर पत्रं लिहीत होत्या. हातानं, शाईच्या पेनानं, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवून. सगळं विद्यापीठ त्यांना आभारबाई म्हणायचं. शिपायापासून कुलगुरूंपर्यंत. मला वाटलं, बाईंना राग येत असेल. पण त्या फोन उचलून स्वतःच सांगायच्या, "हां, आभारबाई बोलतेय."

खोलीत दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि एक खिडकी. खिडकीत कागदाची घडी खोचल्याशिवाय ती बंद होत नसे. कपाटात चपलांची सहा रिकामी खोकी होती आणि त्यांत नऊशे कार्डं. एका दात्याचं एक कार्ड. पुढच्या बाजूला नाव, पत्ता, कधीपासून देतात, कशासाठी देतात. मागच्या बाजूला बाकीचं सगळं. 'गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कार्यक्रम वरच्या मजल्यावर असेल तर बोलावू नये.' 'धाकट्या मुलाचा विषय काढू नये.' 'दुपारी दोन ते चार झोप.' एका कार्डावर लिहिलं होतं, 'कुत्रा चावत नाही, पण ते म्हणतात चावतो. घाबरल्यासारखं करावं.' मी हसून हसून बेजार झाले.

बाईंचे दोन नियम होते. देणगी आल्यावर तीन दिवसांत पत्र गेलंच पाहिजे, आणि नव्या माणसाकडे पहिल्या तीन भेटींत काही मागायचं नाही. "मागणारा लगेच ओळखू येतो गं," त्या म्हणायच्या, "त्याची नजर आधी घर मोजते."

हे वेड त्यांना लागलं कसं, तेही सांगते. सव्वीस वर्षांपूर्वी त्या इथं टायपिस्ट म्हणून लागल्या. एका निवृत्त पोस्टमननं ग्रंथालयासाठी थोडे पैसे पाठवले होते. कचेरीनं छापील पावती धाडली. आठवड्यानं तो म्हातारा पावती हातात घेऊन हजर. म्हणाला, "पावती नको मला. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली. माझं पोचलं का, एवढंच कुणीतरी सांगा." बाईंनी त्याला ग्रंथालयात नेलं, त्याच्या पैशांतून आलेली पुस्तकं त्याच्या हातात दिली, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता पहिलं पत्र लिहिलं. घरी मात्र नवरा कुरकुरायचा, "मला सव्वीस वर्षांत एक ओळ नाही." त्यावर बाई म्हणायच्या, "तुम्ही कुठं देणगी दिलीत?"

माझा स्वभाव तापट. बाई मला 'तिखट' म्हणायच्या. पण आमचं जमेपर्यंत बरेच दिवस गेले, कारण मला तिथं आणलं होतं ते त्यांची खोकी मोडीत काढायला. नवे साहेब आले होते आणि साहेबांनी एक प्रोग्राम घेतला होता. सगळी कार्डं त्यात भरायची, मग पत्रं आपोआप जाणार. सात आठवडे मी कार्डं टाइप केली. फक्त पुढची बाजू, कारण मागच्या बाजूसाठी प्रोग्रामात रकानाच नव्हता. खरं सांगायचं तर मला त्याचं काही वाटलंही नाही. कुत्रं आणि गुडघे कॉम्प्युटरला सांगून काय करायचंय? त्या सात आठवड्यांत बाई माझ्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत बसायच्या.

प्रोग्रामानं पहिली पत्रं पाठवली आणि चौथ्या दिवशी फोन आला. मीच उचलला. पलीकडे बटणवाले काका होते. त्यांचा शर्टाच्या बटणांचा कारखाना होता. आमच्याकडे न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांची वाचनखोली आहे; तिथली ध्वनिमुद्रणाची यंत्रं, ब्रेलचा जाड कागद, मदतनिसाचा पगार, सगळं त्यांच्या देणगीवर चालायचं. चौदा विद्यार्थी त्या खोलीवर अवलंबून होते. काका शांतपणे म्हणाले, "माझ्या बायकोला परत बोलावताय? रस्ता माहीत असेल तर मलाही सांगा." आणि फोन ठेवला.

मी धावत जाऊन कार्ड काढलं. पुढच्या बाजूला काकूंचं नाव. मागे बाईंच्या अक्षरात: 'काकू गेल्या. पाकिटावर नाव त्यांचंच हवं, काकांची इच्छा. आतलं पत्र काकांना.' तारीख आठ वर्षांपूर्वीची. पैसे काकांच्या खात्यातून येत, त्यामुळे यंत्राच्या मते काकूंनी आठ वर्षांत छदामही दिला नव्हता. मग त्यानं त्यांना देणं थांबवलेल्यांच्या यादीत टाकलं आणि साहेबांनी हौसेनं लिहिलेलं पत्र धाडलं: 'आम्हाला तुमची उणीव भासते. तुमची जागा अजून रिकामी आहे. परत या.'

दोन दिवसांनी काकांचं पत्र आलं. वर्षअखेरीपासून मदत बंद. साहेबांनी ते वाचलं आणि फुलांचा गुच्छ व छापील माफीपत्र पाठवायला सांगितलं. "चूक यंत्राची झाली असं लिहा," म्हणाले. आणि त्याच बैठकीत, जणू वाटच बघत होते, त्यांनी सुचवलं की वाचनखोली रिकामी झालीच तर तिथं मोठ्या दात्यांसाठी सोफे टाकून छान दालन करता येईल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा पोरांची खोली काढून घ्यायची आणि तिथं दात्यांना चहा पाजायचा! मी तोंड उघडणार, एवढ्यात बाई उभ्या राहिल्या.

"गुच्छ नको," त्या म्हणाल्या. "यंत्राची नाही, चूक माझी आहे. मी जाते."

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "अहो, टाइप मी केलं. तुम्ही कशाला अंगावर घेताय?"

त्या जिन्यातच थांबल्या. "तू पुढचं टाइप केलंस. मागचं वाच, एवढं सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. सांगितलं नाही. रुसून बसले होते. म्हटलं, चुकू दे एकदा, म्हणजे कळेल सगळ्यांना." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "कळलं. पण भोगतंय कोण बघ."

बाई मंगळवारी काकांच्या घरी गेल्या. काकू हयात असताना दर मंगळवारी वाचनखोलीत येऊन विद्यार्थ्यांना मोठ्यानं पुस्तकं वाचून दाखवायच्या, म्हणून मंगळवार. दोन बस बदलून, सुजलेल्या पायानं तीन जिने चढून त्यांनी बेल वाजवली. आतून पावलं आली, दारामागे थांबली, परत गेली. बाई पंधरा मिनिटं उभ्या राहून परत आल्या. पुढच्या मंगळवारी तेच. तिसऱ्या मंगळवारी शेजारणीनं त्यांना बसायला स्टूल दिलं. चौथ्या मंगळवारी मी बरोबर गेले, आणि वैतागले.

"बाई, दाराखालून चिठ्ठी सरकवू आणि जाऊ. किती दिवस असं?"

"पत्रानंच तर घोळ घातलाय. आता तोंडानंच बोलायचं."

"आणि दार उघडलंच नाही तर?"

"तर पुढचा मंगळवार आहे," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर नीट सरकून बसल्या. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

पाचव्या मंगळवारीही मी बरोबर होते, आणि दार उघडलं. काका उंच, वाकलेले, स्वेटरला प्रत्येक बटण वेगळ्या रंगाचं. बसा म्हणाले नाहीत. टेबलावरचं पत्र उचलून त्यांनी बाईंसमोर धरलं.

"वाचा. मोठ्यानं."

बाईंनी वाचलं. एकही शब्द न गाळता, शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, "काका, ही चूक माझी. मला ती टाळता येत होती आणि मी टाळली नाही. माफी मागायला आलेय, बाकी कशासाठी नाही."

काकांनी ते ऐकल्यासारखं केलं नाही. पत्रावर बोट ठेवून विचारलं, "हे खरं आहे का?"

"काय?"

"जागा रिकामी आहे, लिहिलंय. आहे का?"

मला वाटलं, आता बाई काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील. खिडकीखाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होईना. मग बाई म्हणाल्या, "आहे. काकूंच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. आम्ही रोज पुसून ठेवतो."

"आणि वाचतं कोण?"

"मंगळवारी कुणी नाही. यंत्रं आहेत."

काकांचा चेहरा लाल झाला. "आठ वर्षं? आठ वर्षं तुम्ही मला पत्रं लिहिलीत. त्यात हे का नाही?"

"जे लिहिलं ते खरं होतं. कागद आला, यंत्रं दुरुस्त झाली, मुलं पास झाली. खुर्चीचं लिहिलं नाही. तुम्हाला दुःख होईल वाटलं."

"दुःख माझं, आणि तोटा पोरांचा!" ते ओरडले. "ती म्हणायची, यंत्राला थांब म्हणता येतं, पण समजलं नाही असं सांगता येत नाही. हे ती जेवताना मला दहादा सांगायची. आणि तुम्ही तिची खुर्ची पुसत बसलात!"

मला बाईंचा बचाव करायचा होता, पण करण्यासारखं काही नव्हतं. म्हातारा बरोबर बोलत होता. साहेबांच्या पोकळ पत्रातलं एक वाक्य चुकून खरं निघालं होतं, आणि बाईंच्या आठ वर्षांच्या प्रेमळ पत्रांतून नेमकं तेच वगळलेलं होतं. बाईंनाही ते कळलं. त्यांचे डोळे भरले, पण त्या मागे सरल्या नाहीत. उलट एक पाऊल पुढं आल्या.

"काका, आजवर तुमच्याकडे मी कधी काही मागितलं नाही. आज मागते. पैशांचं तुम्ही ठरवलंय ते ठरवलंय. तुम्ही या. त्या खुर्चीवर बसा आणि वाचा."

काका बघतच राहिले. "मी? ती वाचायची. मी बटणं मोजायचो."

"पोरं शिकवतील," बाई म्हणाल्या. "मंगळवारी अकरा वाजता."



मंगळवारी पावणेअकरालाच काका आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन चष्मे. खुर्चीजवळ येऊन त्यांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला. मग बसले. कायद्याचं जाडजूड पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं होतं. त्याचं ध्वनिमुद्रण अजून झालं नव्हतं आणि परीक्षा तोंडावर आली होती. काका अडखळत वाचायला लागले. स्वल्पविराम खाल्ले, एक ओळ गाळली, एक दोनदा वाचली. शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी न राहवून म्हणाली, "काका, जरा थांबा. समजलं नाही. मागची ओळ परत."

काकांनी पुस्तकातून मान वर केली. त्या मुलीला ते दिसणार नव्हते, म्हणून की काय, त्यांनी डोळे पुसलेही नाहीत. "मागची ओळ," ते म्हणाले आणि परत वाचली. सावकाश. मग आणखी एकानं थांबवलं, मग तिसऱ्यानं. तासाभरात पाच पानं झाली. घाम पुसत त्यांनी विचारलं, "पुढच्या मंगळवारी कुठून?"

वर्षअखेरीला मदत बंद झाली नाही. काकांनी एक अट घातली: खुर्ची पुसायची नाही, वापरायची. ते मंगळवारी वाचतात, आणि बाकीच्या वारांना वाचायला त्यांनी कारखान्यातली निवृत्त माणसं पकडून आणली आहेत. सोफ्यांचं दालन बारगळलं. साहेबांनी वार्षिक अहवालात हे सगळं नव्या प्रोग्रामाचं यश म्हणून छापलं. मी त्यांच्याकडे जाऊन भांडले आणि प्रोग्रामात मागच्या बाजूसाठी रकाना करून घेतला. आता नऊशे कार्डांची पाठ टाइप करतेय, बाईंना विचारून विचारून, कारण पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतायत.

काकांच्या देणगीचं आभारपत्र बाईंनी मला लिहायला लावलं. चार कागद फाडले तेव्हा एक जमलं. पाकिटावर रीतीप्रमाणे काकूंचं नाव लिहिलं. मंगळवार होता, काका खालीच होते, म्हणून हातातच द्यायला गेले. त्यांनी पाकीट घेतलं, नावावरून अंगठा फिरवला आणि मला परत दिलं.

"यापुढं माझं नाव घाल," म्हणाले. "आता वाचणारा मी आहे."

वर येऊन मी बाईंना सांगितलं. त्यांनी खोक्यातून कार्ड काढलं. पुढच्या बाजूला काकूंच्या नावाखाली काकांचं नाव लिहिलं. मग कार्ड उलटलं, जुन्या नोंदीला हात लावला नाही, आणि तिच्याखाली लिहिलं: 'मंगळवारी घरी नसतात.'