दुसऱ्या खुर्चीचा फिरकी

सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या. पहिली मालकांची, दुसरी फिरकीची. फिरकी कामाला लागला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता मिशीला कलप लागत होता, पण खुर्ची काही बदलली नव्हती.

हात मात्र सोन्याचा, आणि जीभ त्या हातातल्या वस्तऱ्याहून धारदार. गिऱ्हाईक पायरी उतरलं रे उतरलं की हा त्याचं नामकरण करून मोकळा. बँकेतले साहेब म्हणजे ‘वाळवंट’, इस्त्रीवाला म्हणजे ‘भोपळा’. मालक कधी हसायचे नाहीत. “अरे, ऐकतील ना,” एवढंच म्हणायचे.

ते मालक पहाटे गेले. शेवटची दाढी फिरकीनेच केली, तीही रडत रडत. मग डोक्यावरचा टोप नीट चिकटवला. मालकांना पूर्ण टक्कल होतं, ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, आणि फिरकीला ठाऊक. जगाचे केस कापणाऱ्याला स्वतःचे नसावेत, याची मालकांना जन्मभर लाज वाटायची.

“माणसं गेली की दुकानाचं बोलू,” वहिनी स्वयंपाकघरात त्याला हळूच म्हणाल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. फिरकीने खिशातल्या किल्ल्या चाचपल्या.

तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली. काळा सूट, हातात फुलांचा गुच्छ. मालकांच्या चुलत बहिणीचा मुलगा! जन्म परदेशातला, मामांना फक्त फोटोत पाहिलेलं, मराठी आईकडून ऐकून ऐकून आलेली. फिरकीने किल्ल्या खिशात आणखी खोल सारल्या. एवढ्या लांबून कुणी नुसतं रडायला येतं का?

पाहुण्याने मालकांच्या पायाशी गुच्छ ठेवला आणि बाहेर येऊन अदबीने विचारलं, “दादा, मला इथली रीत माहीत नाही. काही चुकायला नको. मी काय करू?”

अशी संधी फिरकीने सोडली असती तर त्याचं नाव कुणी फिरकी ठेवलं असतं?

“आमच्याकडे ना,” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “गेलेल्याचे दोष मोठ्याने बोलायचे. म्हणजे माणूस हलका होऊन जातो.”

“चांगलं नाही बोलायचं?”

“छे छे! घरच्यांचा अपमान होतो.”

“पण मला त्यांचे दोष माहीत नाहीत.”

“मी आहे ना!”

बिचारा जिन्यात उभा राहून परीक्षेतल्या पोरासारखा ओठ हलवत पाठ करत होता. फिरकीने दारातून एकेक माणूसही दाखवून ठेवला.

मग पाहुणा आत गेला आणि हात जोडून खणखणीत आवाजात सुरू झाला. “मामा, तुम्हाला काम करताना झोप येत होती. तुम्ही लोकांचे कान कापले आणि ‘हललात कशाला’ म्हणून त्यांनाच रागावलात. मामा, ह्या साहेबांना तुम्ही वाळवंट म्हणत होता. ह्यांना भोपळा.”

साहेबांचा हात आपोआप डोक्यावर गेला. इस्त्रीवाल्याचा रुमाल डोळ्यापाशी अडकला.

“आणि मामा, हे केस तुमचे नाहीत.”

इथवर फिरकीची शिकवणी. पुढचा उत्साह पाहुण्याचा स्वतःचा. मामा अगदी हलके व्हावेत म्हणून त्याने हळूच टोप उचलला. टर्रकन आवाज आला. दोन्ही हातांनी तो वहिनींपुढे धरून पाहुणा वाकला.

वहिनींनी खाडकन मुस्काटात मारली.

तीही रीतच असावी असं समजून पाहुणा आणखी वाकला. “आभारी आहे, मामी.”

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी पाहुण्याची कॉलर धरली.

“सोडा त्याला,” वहिनी म्हणाल्या. “कोणी शिकवलं रे तुला हे?”

“ह्या दादांनी,” पाहुणा लालबुंद गालाने कौतुकाने म्हणाला. “फार प्रेमाने. दोनदा म्हणवून घेतलं.”

सगळ्या माना फिरकीकडे वळल्या.

“थट्टा हो, वहिनी... मला वाटलं, हा दुकान मागायला आलाय.”

“दुकान?” पाहुणा गोंधळला. “मी दातांचा डॉक्टर आहे. इथे परिषदेला आलो होतो, सकाळी कळलं. संध्याकाळी माझं विमान आहे.”

वहिनींनी टोप फिरकीच्या हातात दिला. “लाव.”

फिरकीने लावला, सगळ्यांसमोर. घाईघाईत भांग कानावर आला.

“वाकडा बसला,” वाळवंटसाहेब शांतपणे म्हणाले. “काढ. परत लाव.”

त्याने परत लावला. मग खाली मान घालून पुटपुटला, “वहिनी, उद्या दुकान उघडू ना मी?”

“किल्ल्या दे.”

वहिनींनी किल्ल्या सलूनशेजारच्या मोबाइल-दुकानवाल्यापुढे धरल्या. तो कधीपासून गाळ्यावर डोळा ठेवून होता. “घ्या. खुर्च्यांचं काय ते तुम्हीच बघा.”

मोबाइलवाल्याने चेहरा दुःखी ठेवून किल्ल्या चटकन खिशात टाकल्या आणि फिरकीच्या कानाशी लागला. “काय रे, ते शटर जड जातं का?”

“उजवीकडून उचला,” फिरकी पुन्हा तसाच गंभीर चेहरा करून म्हणाला. “सरसर वर जातं.”